आधी हिशेब, मग हार

उसाच्या बिलाचा पहिला हप्ता खात्यावर जमा होतो तो डिसेंबर-जानेवारीचा काळ. गाड्यांचे विक्रेते मागच्या सालातला माल काढायच्या घाईला येतात, तोही नेमका हाच काळ. पैसे हाती आलेले असतात, घरात लग्नकार्याची बोलणी सुरू असतात, आणि सांगली-मिरज रस्त्यापासून कराडपर्यंत जिकडे-तिकडे 'भारी सवलत'चे फलक लागतात. गाडी कोरी आहे, किलोमीटर शून्य आहे, फक्त सालाचा फरक आहे, असे सांगितले जाते. चारचाकी असो, पिकअप असो की ट्रॅक्टर, प्रश्न एकच आहे. साठ्यात वर्षभर उभी राहिलेली नवी गाडी घ्यावी की न घ्यावी?

आमचे मत असे की, अशी गाडी घेण्यात वाईट काही नाही. मात्र सवलत खरी असली पाहिजे, गाडी पारखून घेतली पाहिजे आणि ती निदान आठ-दहा वर्षे आपल्या दारात राहणार असली पाहिजे. या तिन्हींपैकी एक जरी नसेल, तर हा व्यवहार स्वस्त दिसतो पण महागात पडतो.

सवलत खरी की खोटी, हे आधी पाहू. २२ सप्टेंबर २०२५ पासून केंद्राने जीएसटीचे दर बदलले. ट्रॅक्टरवरचा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. लहान मोटारींवरचा २८ टक्के कर १८ टक्क्यांवर आला आणि वरचा उपकरही गेला. कर लागतो तो बिलाच्या तारखेला, गाडी कधी बनली त्यावर नव्हे. म्हणजे जुन्या साठ्यातल्या गाडीलाही आज नवाच दर लागतो. आता हिशेब करा. करापूर्वी ७ लाखांचा ट्रॅक्टर जुन्या दराने ७ लाख ८४ हजारांना पडत होता, नव्या दराने तो ७ लाख ३५ हजारांना पडतो. फरक ४९ हजारांचा. करापूर्वी ६ लाखांची लहान पेट्रोल मोटार पूर्वी उपकर धरून ७ लाख ७४ हजारांना जायची, ती आता ७ लाख ८ हजारांना बसते. फरक ६६ हजारांचा. एखादा विक्रेता जुने दरपत्रक पुढे करून 'पन्नास हजार सोडले' म्हणत असेल, तर ते त्याने सोडलेले नाहीत, सरकारने सोडलेले आहेत. त्याच्या पदरचे किती, हे त्याला वेगळे विचारा. करापूर्वीची किंमत, कर, विमा, नोंदणी आणि 'हाताळणी'च्या नावाखाली लावलेली रक्कम अशा पाच ओळी कोऱ्या कागदावर लिहून मागा. जो लिहून देत नाही, त्याच्या दुकानातून चहा घेऊन उठावे.

पदरची सवलत किती असावी, याला एक साधा ठोकताळा आहे. त्याच मॉडेलची वर्षभर वापरलेली गाडी बाजारात केवढ्याला मिळते ते काढा. समजा नव्या सालाची गाडी ८ लाखांना आहे आणि वर्षभर चाललेली तीच गाडी साडेसहा लाखांना मिळते. साठ्यातली गाडी चाललेली नाही, पण वयाने ती वर्षाची आहे. तेव्हा तिची किंमत या दोहोंच्या मध्ये, सव्वासात लाखांच्या आसपास असायला हवी. विक्रेता पावणेआठ सांगत असेल, तर पंचवीस हजारांसाठी तुम्ही वर्षभराचे वय विकत घेत आहात. हे वय पुसता येत नाही. नोंदणी पुस्तकात गाडी बनल्याचा महिना आणि वर्ष लिहिलेले असते, आणि उद्या तुमच्याकडून घेणारा गिऱ्हाईक आधी तेच वाचतो. विमा कंपन्यांच्या घसाऱ्याच्या तक्त्यातही सहा महिने ते एक वर्ष वयाला १५ टक्के आणि एक ते दोन वर्षांना २० टक्के घट धरलेली आहे. म्हणून विमा उतरवताना गाडीची घोषित किंमत किती धरली आणि वय कोणत्या तारखेपासून मोजले, हे पॉलिसीवर वाचून घ्या. जो गाडी तीन वर्षांत बदलणार, त्याने जुन्या साठ्याच्या वाटेला जाऊच नये. जो ती झिजेपर्यंत वापरणार, त्याला हे एक वर्ष पुढे जाणवतही नाही.

आता गाडीची पारख. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा पहिला लोखंडी नांगर विकला जायला दोन वर्षे लागली, असे सांगतात. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी तेव्हाच्या शेतकऱ्यांची समजूत होती. नांगर दोन वर्षे पडून राहिला तरी त्याचे काही बिघडले नाही, कारण लोखंडाला गंज सोडला तर दुसरे भय नसते. आजच्या यंत्राचे तसे नाही. त्यात रबर आहे, तेल आहे, वायरी आहेत आणि बॅटरी आहे. उभ्या गाडीची बॅटरी हळूहळू उतरते आणि फार दिवस उतरलेली राहिली तर कायमची अधू होते. एकाच जागी भार राहून टायर चपटे पडतात, उन्हात राहिले तर भेगाळतात. ऑइल सील कडक होतात, टाकीतले डिझेल खराब होते आणि उंदीर वायरी कुरतडतात. तेव्हा बॅटरी नवी घालून मागा. टायरच्या कडेला चार आकडे असतात, त्यांतले पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. '२३२४' म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. ऑइल, कूलंट आणि फिल्टर विक्रेत्याच्या खर्चाने बदलून घ्या. ट्रॅक्टर असेल तर हायड्रॉलिक उचलून अर्धा तास तसाच ठेवा, खाली बसतो का पाहा. तासांच्या मीटरवरचा आकडा लिहून घ्या. प्रात्यक्षिकाला फिरवलेला ट्रॅक्टर कोरा म्हणून गळ्यात पडायला नको. वॉरंटी बिलाच्या तारखेपासून सुरू होते, एवढे एक वाक्य सही-शिक्क्यानिशी घ्या. तोंडी शब्द हा शब्दच राहतो.

गाडी कधी बनली हे विक्रेत्याच्या तोंडून ऐकू नका, कागदावर पाहा. नोंदणीसाठी विक्रेता जे विक्री प्रमाणपत्र देतो, त्या नमुना २१ मध्ये उत्पादनाचा महिना व वर्ष लिहावे लागते. पैसे भरण्याआधी ते वाचा आणि त्यावरचा चासी नंबर गाडीवरच्या नंबराशी ताडून पाहा. पेट्रोल गाडी असेल तर वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल तिला चालते का, हेही पुस्तिकेत बघा. आपल्याच उसाचे इथेनॉल आपल्याच गाडीला सोसत नाही, अशी गंमत नको.

साठ्यातल्या मालाला आणखी एक धोका असतो, तो कायद्याच्या तारखेचा. २९ मार्च २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिलपासून बीएस-३ गाड्यांची विक्री आणि नोंदणी बंद केली. देशभरात आठ लाखांवर गाड्या पडून होत्या, त्यांत बहुसंख्य दुचाकी. पुढचे दोन दिवस कंपन्यांनी हजारोंनी सवलती दिल्या आणि शोरूमपुढे रांगा लागल्या. ज्यांनी ३१ मार्चच्या आत रीतसर बिल आणि कागद केले, त्यांचे साधले. बीएस-४ च्या वेळी शेवटची तारीख ३१ मार्च २०२० होती. मध्येच टाळेबंदी आली. न्यायालयाने आधी थोडी मुभा दिली, ८ जुलैला ती मागे घेतली, आणि अखेर १३ ऑगस्ट २०२० ला ३१ मार्चपूर्वी विकलेल्या व वाहन पोर्टलवर चढवलेल्या गाड्यांच्याच नोंदणीला परवानगी दिली. तोवर पैसे भरलेल्या गिऱ्हाइकांच्या जिवाला घोर होता. ट्रॅक्टरलाही हे लागू आहे. ५० अश्वशक्तीवरच्या ट्रॅक्टरना १ जानेवारी २०२३ पासून धुराचे नवे निकष लागले. म्हणून साठ्यातल्या गाडीचे पूर्ण पैसे देण्याआधी, ही गाडी आज आरटीओत नोंदवली जाईल का, हे सातारा, कराड किंवा सांगलीच्या कार्यालयात विचारून घ्या. नंबर पडेपर्यंत पाठीमागची रक्कम हातात ठेवा.

सर्वांत मोठे भगदाड कर्जाचे असते. ६ लाखांचे कर्ज पाच वर्षांसाठी, दरमहा हप्त्याने, घटत्या शिलकीवर ११ टक्क्यांनी घेतले तर व्याज सुमारे १ लाख ८३ हजार जाते. तेच १३ टक्क्यांनी घेतले तर २ लाख १९ हजार. दोन टक्क्यांच्या फरकाने ३६ हजार रुपये गेले. विक्रेत्याने एका हाताने दिलेली सवलत त्याच्या टेबलाशेजारी बसलेला फायनान्सवाला दुसऱ्या हाताने घेऊन जातो, तो असा. आधी जिल्हा बँकेत किंवा आपल्या विकास सोसायटीच्या सचिवाकडे चौकशी करा. व्याज 'फ्लॅट' आहे की घटत्या शिलकीवर, हे विचारायला लाजू नका. जमीन तारण देणार असाल तर सातबाऱ्यावर बोजा चढणार, हे घरच्या माणसांना माहीत असू द्या. ट्रॅक्टरच्या अनुदानाची आशा असेल तर महाडीबीटीवरची पूर्वसंमती आधी आणि खरेदी नंतर. सवलत संपते म्हणून आधी बिल केले, तर अनुदान हातचे जाते. साठ्यातले मॉडेल अनुदानाला चालते का, हे तालुका कृषी अधिकाऱ्यांच्या कार्यालयात विचारल्याशिवाय इसार देऊ नका.

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनाही दोन शब्द. घंटागाडी किंवा पाण्याचा टँकर घेताना दरपत्रकात किंमत मागितली जाते, पण गाडी कोणत्या महिन्यात बनली हे मागितले जात नाही. मग कमी दराच्या नावाखाली दीड वर्ष उभी असलेली गाडी गावाच्या माथी येते. निविदेच्या अटीत उत्पादनाचा महिना व वर्ष ही एक ओळ घाला. जुना माल घ्यायचाच तर ग्रामसभेला तसे सांगून, किती स्वस्तात घेतला ते लिहून घ्या.

एवढे करूनही फसगत झालीच तर गप्प बसू नका. जुनी गाडी चालू सालाची म्हणून विकणे हा अनुचित व्यापार आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते, सातारा आणि सांगली दोन्हीकडे आयोग आहेत. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी पडत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. बिल, नमुना २१ आणि लिहून घेतलेल्या अटी जपून ठेवल्या असतील तरच या दारात उभे राहता येते.

शेतकरी बंधूंनो, गाडीची हौस असावी, तिला नावे ठेवायचे कारण नाही. पण शोरूममध्ये जाताना पेढ्यांच्या पुड्याआधी वही-पेन्सिल आणि गावातला एक जाणता मेस्त्री सोबत न्या. साठ्यात वर्षभर उभी राहिलेली गाडी आणखी चार दिवस उभी राहू शकते. घाई विक्रेत्याला असते, तुम्हाला नाही.