शांत बेट, पण कुणासाठी?

परीक्षा संपली की ग्रुपवर एका ठरावीक प्रकारच्या रील्स फिरू लागतात. कॅरिबियन समुद्र, वाऱ्याने फुगलेलं पांढरं शीड, डेकवर पसरलेले पाय आणि खाली कॅप्शन : 'जिथे कुणीच जात नाही अशी बेटं.' बेक्विया, मेरो, कॅरिआकू अशी नावं. शिडाच्या होडीतून या बेटावरून त्या बेटावर रमतगमत हिंडायचं, वारा नेईल तेव्हा निघायचं, हे स्वप्न मलाही पडतं. त्यात वाईट काहीच नाही. माझा आक्षेप आहे त्या कॅप्शनला. 'कुणीच' म्हणजे कोण? तिथे जन्मलेली, वाढलेली माणसं या 'कुणीच'मध्ये धरायची की नाही?

कॅरिआकूचंच घ्या. ग्रेनाडा देशातलं हे एक छोटं बेट. तिथल्या विंडवर्ड गावात पिढ्यान्‌पिढ्या किनाऱ्यावरच लाकडी शिडाच्या होड्या बांधल्या गेल्या, मासेमारीसाठी आणि माल वाहण्यासाठी. 1965 पासून तिथे या होड्यांच्या शर्यती होतात. म्हणजे शीड ही तिथे आधी पोटापाण्याची वस्तू, हौस नंतरची. 1 जुलै 2024 रोजी बेरिल चक्रीवादळ थेट या बेटावर आदळलं आणि बहुतेक घरांची पडझड झाली. वादळाचा इशारा मिळाला की पाहुण्याला नांगर उचलून निघून जाता येतं. घराला नांगर नसतो.

जमैका किंकेड या लेखिकेने 1988 मध्ये आपल्या अँटिग्वा बेटावर 'अ स्मॉल प्लेस' हे छोटंसं पुस्तक लिहिलं. त्यात ती पर्यटकाशी थेट 'तुम्ही' म्हणून बोलते आणि त्याला चांगलंच अस्वस्थ करते. तिचा एक मुद्दा माझ्या मनातून जात नाही. आपल्या रोजच्या कंटाळ्यातून थोडे दिवस सुटावं असं बेटावरच्या माणसालाही वाटतं, पण त्याच्याकडे तेवढे पैसे नसतात. म्हणून तो तिथेच राहतो आणि आपण त्याच्या राहण्याला 'निवांतपणा' म्हणतो.

हे सगळं लांबचं वाटतं? मग खानवेलच्या पुढे दुधनीला जा. आपल्या सिल्वासाला समुद्र नाही, पण दुधनीचं पाणी आहे. सुट्टीच्या दिवशी तिथे बोटिंगला गर्दी असते. पाण्यात मधूनमधून हिरवी बेटं दिसतात आणि फोटो खरंच सुंदर येतात. पण ती बेटं मुळात बेटं नव्हतीच. ते टेकड्यांचे माथे आहेत. दमणगंगेवर मधुबन धरण झालं, पाणी चढत गेलं आणि खोऱ्यातली आदिवासींची शेतं, घरं, पायवाटा खाली राहिल्या. त्याच पाण्यावर आज वापी, सिल्वासा आणि दमणचे कारखाने चालतात, आपल्या नळांनाही तेच येतं. आपण ज्याला 'शांत तलाव' म्हणतो, त्याच्या तळाशी कुणाचं तरी गाव आहे. तिथल्या बोटीतून आपण हौसेने एक फेरी मारतो. काठावरच्या माणसांसाठी होडी म्हणजे पलीकडे जायचा रस्ता.

तुम्ही म्हणाल, मग जायचंच नाही का? पर्यटक आले नाहीत तर बोटवाल्याची चूल कशी पेटणार? बरोबर आहे. जायलाच हवं. प्रश्न आहे तो कसं जायचं आणि परत येऊन काय सांगायचं, एवढाच.

गोव्यातल्या दिवाडकडे बघा. मांडवीतलं हे बेट, फेरीबोटीने गाठायचं. वीकेंडला जाणारे त्याला 'वेळ थांबलेलं बेट' म्हणतात. तिथल्या टेकडीवरचं चर्च पिएदाद मातेचं, आपल्या सिल्वासातल्या चर्चसारखंच, म्हणून मला ते जरा जवळचं. पण तिथे वेळ कुठे थांबलाय? याच बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या बोटयार्डात नौदलासाठी 'म्हादेई' ही 56 फुटी शिडाची नौका तयार झाली. ती घेऊन कमांडर दिलीप दोंदे 19 ऑगस्ट 2009 ला मुंबईहून एकटे निघाले आणि 19 मे 2010 ला पृथ्वीला फेरी मारून परतले. एकट्याने शिडाच्या नौकेतून हे करणारे ते पहिले भारतीय. मग त्याच यार्डात 'तारिणी' झाली. 2017-18 मध्ये लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली सहा महिला अधिकारी तिच्यातून जगप्रदक्षिणा करून आल्या. ज्या बेटाला आपण 'झोपलेलं' म्हणतो, तिथल्या सुतारांनी, फायबरग्लासवाल्यांनी बांधलेली नौका केप हॉर्नला वळसा घालून आली. हे त्या 'शांत'च्या कॅप्शनमध्ये कुठे बसतं?

आपण साहित्याचे विद्यार्थी. बोट चालवणं आपल्या हातात नसेल, शब्द तरी आहेत. 'अस्पर्शित', 'अनोळखी', 'जगापासून दूर' हे शब्द लिहिताना प्रत्येक वेळी विचारावं : कुणाच्या जगापासून? मंडळाला माझी एक सूचना आहे. पुढच्या अंकात प्रवासवर्णनांचा विभाग करू आणि एकच अट ठेवू. ज्या जागेबद्दल लिहाल, तिथल्या किमान एका माणसाशी नीट बोलून या. वल्ह्याला तो काय म्हणतो, वारा फिरला की काय करतो, पाण्याखाली गेलेल्या गावाचं नाव काय होतं, हे विचारून या. लेख थोडा कमी 'शांत' होईल. होऊ दे.