बर्फ किती, हे सांगतंय कोण?

नाताळ जवळ आला की आपल्या ग्रुपवर काश्मीर टूरचे मेसेज सुरू होतात. ‘गुलमर्ग, हमखास बर्फ!’ आणि खाली पांढऱ्याशुभ्र उताराचा फोटो. फोटो कधीचा आणि किती उंचीवरचा, हे कुणी विचारत नाही. आपण साहित्याचे विद्यार्थी कथा वाचताना आधी बघतो की निवेदक कोण आणि त्याच्यावर विश्वास किती ठेवायचा. माझं म्हणणं असं की बर्फाची बातमी वाचतानाही हाच प्रश्न विचारावा. परीक्षेत वाचन चुकलं तर मार्क जातात. इथे पैसे जातात, आणि कधीकधी जीवही जातो.

आधी आकड्यांचं बघू. ‘गुलमर्ग’ हे नाव एक असलं तरी उंची एक नाही. हॉटेलं आहेत ते पठार सुमारे २,६५० मीटरवर आहे. गोंडोलाचा पहिला टप्पा कोंगदूरीला, ३,००० मीटरच्या थोडा वर संपतो, आणि दुसरा अफरवत डोंगरावर ३,९०० मीटरच्याही वर जातो. हजार मीटर चढलं की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. म्हणजे खाली २ अंश असेल तेव्हा वर उणे ६ च्या आसपास असणार. एकाच दिवशी हॉटेलच्या दारात पाऊस आणि चिखल, तर वर कोरडा, भुसभुशीत बर्फ, असं होऊ शकतं. मग मोबाइलवर दिसणारा एकच आकडा कुठल्या उंचीचा, हे कळल्याशिवाय त्याला काय अर्थ? आपल्या बेळगावकरांना हे नवीन नाही की! शहरात भुरभुर चालू असते तेव्हा कणकुंबीत धो धो कोसळत असतो. जिल्हा मात्र एकच.

दुसरा गोंधळ मिलिमीटरचा. बऱ्याच अंदाजांत बर्फाची जाडी नसते, तो वितळल्यावर किती पाणी होईल ते दिलेलं असतं. १० मिलिमीटर पाणी म्हणजे ढोबळमानाने १० सेंटीमीटर ताजा बर्फ. कडाक्याच्या थंडीत तेवढ्याच पाण्याचा १५ सेंटीमीटर किंवा जास्त हलका बर्फ होतो, आणि हवा ओलसर असेल तर जाडी कमी भरते. ‘६० टक्के शक्यता’ याचा अर्थ बर्फ ६० टक्के पडणार असा नव्हे. असा अंदाज दिलेल्या दहा दिवसांपैकी साधारण सहा दिवस पडतो आणि चार दिवस पडत नाही, एवढंच ते वाक्य सांगतं.

काश्मीरचा हिवाळी बर्फ मुख्यतः भूमध्य समुद्राकडून येणाऱ्या पश्चिमी झंझावातांवर अवलंबून असतो. झंझावात येतोय हे काही दिवस आधी बऱ्यापैकी कळतं. पण महिनाभर आधी कुणी ‘अमुक तारखेला बर्फ मिळणारच’ असं सांगत असेल तर तो अंदाज नव्हे, ती विक्री आहे. २१ डिसेंबरपासूनच्या चाळीस दिवसांना काश्मिरात ‘चिल्लई कलान’ म्हणतात. हा तिथल्या थंडीचा सगळ्यात कडक काळ. तरी जानेवारी २०२४ मध्ये याच काळात गुलमर्गचे उतार उघडेबोडके पडले होते. २०२५ मध्ये खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांचा गुलमर्गचा टप्पा फेब्रुवारीत व्हायचा होता. पुरेसा बर्फच नव्हता, म्हणून तो पुढे ढकलून मार्चमध्ये घ्यावा लागला. सरकारी स्पर्धेलासुद्धा जी हमी मिळत नाही, ती टूरवाला आपल्याला कशी देतो?

आता निवेदकाकडे वळू. अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजचे दोन अर्थशास्त्रज्ञ, जोनाथन झिनमन आणि एरिक झिट्झविट्झ यांनी स्की रिसॉर्ट स्वतः जाहीर करत असलेले बर्फाचे आकडे तपासले. गंमत अशी निघाली की शनिवार-रविवारी रिसॉर्टच्या अहवालात २३ टक्के जास्त नैसर्गिक बर्फ ‘पडत’ होता! आभाळाला वीकएंड कळत नाही, तिकीट विकणाऱ्याला कळतो. पुढे स्कीइंग करणाऱ्यांना तिथूनच मोबाइलवर खरी परिस्थिती टाकायची सोय मिळाली, तेव्हा ही अतिशयोक्ती झपाट्याने कमी झाली. गुलमर्गमध्येही असंच चालतं, असं मी म्हणत नाही. मी एवढंच म्हणते की बर्फ विकणाऱ्याने मोजलेला बर्फ आपण दुसऱ्या कुणाकडून तरी तपासून घ्यावा.

आणि बर्फ भरपूर पडला तरी प्रश्न संपत नाही, उलट तिथूनच खरा धोका सुरू होतो. १ फेब्रुवारी २०२३ ला अफरवतवर हिमस्खलनात दोन पोलिश पर्यटक गेले. २०२४ मध्ये अख्खा जानेवारी ज्या बर्फासाठी सगळे आसुसले होते तो फेब्रुवारीत आला, आणि २२ तारखेला हिमस्खलनात एका रशियन माणसाचा जीव गेला. कोरड्या थंडीत जुना पातळ थर साखरेसारखा रवाळ होतो. त्यावर नव्या बर्फाचं ओझं आलं तर पकड बसत नाही. वाऱ्याने आडोशाच्या बाजूला जास्त बर्फ साचतो. उतार ३० ते ४५ अंशांचा असेल तर एका माणसाच्या वजनानेही अख्खा थर सुटू शकतो. म्हणून वादळानंतरचं निळं आभाळ फोटोसाठी उत्तम असलं, तरी गोंडोलाच्या हद्दीबाहेरच्या उतारांवर तोच दिवस घातकी ठरू शकतो. ‘३० सेंटीमीटर ताजा बर्फ’ ही जाहिरातही असते आणि इशाराही.

हिमस्खलनाचा इशारा संरक्षण खात्याची डीजीआरई ही संस्था देते. पूर्वी तिचं नाव ‘सासे’ होतं. तो इशारा ना तिकीट विकतो ना खोली. तरी टूरच्या मेसेजमध्ये तो कधी दिसतो का?

यावर कुणी म्हणेल, असं खरं सांगत बसलं तर तिथले घोडेवाले, स्लेज ओढणारे, गाइड खाणार काय? प्रश्न रास्त आहे, त्यांचं पोट बर्फावरच आहे. पण ‘हमखास’ सांगून नेलेला पर्यटक तपकिरी उतार बघून चिडतो तेव्हा त्याचा राग याच माणसांवर निघतो, मेसेज पाठवणाऱ्यावर नाही. आणि वर कुणी गाडलं गेलं तर शोधायला आधी स्थानिक लोकच धावतात. खोट्या आकड्याची किंमत तेच मोजतात.

म्हणून यंदा कॉलेजच्या सहलीचा किंवा घरच्यांचा गुलमर्गचा बेत असेल तर आगाऊ पैसे भरण्याआधी टूरवाल्याला तीन गोष्टी लेखी विचारा. बर्फाचा आकडा किती उंचीवरचा आणि कोणत्या तारखेचा? तो मोजला कोणी? आणि हिमस्खलनाचा इशारा असेल त्या दिवशी वर न जाता पैसे परत मिळणार का? तिसऱ्याचं उत्तर टाळलं, तर पहिल्या दोन उत्तरांवर विश्वास ठेवायचं काही कारण नाही.