हजेरी कातडीखाली

सोलापुरात ‘सेटलमेंट फ्री कॉलनी’ हा पत्ता आजही लिहिला जातो. रिक्षावाला सरळ नेऊन सोडतो. त्या नावात काय गाडलंय ते कुणी विचारत नाही. इंग्रजांनी 1871 साली कायदा केला आणि जमातीच्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या. 1911 च्या कायद्यानं त्यांच्या बोटांचे ठसे घ्यायची मुभा दिली. सोलापुरात पारधी, कैकाडी, टकारी तारेच्या कुंपणात कोंडले गेले. हजेरी द्यायची, बाहेर जायला पास मागायचा. 31 ऑगस्ट 1952 ला कायदा रद्द झाला. हजेरी घेणाऱ्यांची खोड मात्र रद्द झाली नाही.

आता नवं खूळ आलंय, माणसाच्या अंगात चिप. तांदळाच्या दाण्याएवढी. तिला बॅटरी नसते. रीडर जवळ आला की त्याच्या रेडिओ लहरींवर ती जागी होते नि आपला नंबर सांगून टाकते. कोण विचारतंय, हे साधी चिप बघतच नाही. अमेरिकेत 2004 साली व्हेरीचिप नावाच्या अशा चिपला सरकारी मंजुरी मिळाली. 2006 साली जोनाथन वेस्थ्यूज या अभियंत्यानं तिची हुबेहूब नक्कल करून दाखवली. पासवर्ड चोरला तर बदलता येतो. इथं कातडी चिरावी लागेल.

2017 साली विस्कॉन्सिनमधल्या एका कंपनीनं कामगारांच्या हातात चिपा बसवल्या. म्हणे, राजीखुशीनं! पोट ज्याच्या हातात, त्याच्यापुढं कसली आलीय राजीखुशी?

हे लांबचं वाटतंय? नागपूर महापालिकेनं सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएसची घड्याळं बांधली. चंदीगडमध्येही तेच झालं. घड्याळ म्हणजे चिप नव्हे, हे खरं. चिप जवळच्या रीडरलाच नंबर देते, घड्याळ माणूस कुठं आहे ते सारखं कळवत राहतं. पण मनगट कुणाचं, ते बघा. झाडूवाल्याचं. एसीतल्या साहेबाच्या मनगटावर का नाही? चोर कोण, हे यांनी आधीच ठरवलंय. 1871 सारखंच.

24 ऑगस्ट 2017 ला सुप्रीम कोर्टानं खाजगीपणा हा मूलभूत हक्क मानला. तो हक्क झाडूवाल्याचाही आहे. म्हणून उद्या मस्टरऐवजी यंत्र आलं की सह्या करण्याआधी विचारा: माहिती कुणाकडं जाणार? किती दिवस ठेवणार? नाही म्हटलं तर पगार कापणार का? उत्तर लेखी घ्या. लेखी मिळत नसेल तर हात पुढं करू नका. बापजाद्यांनी तारेच्या आत हजेरी दिली. आपण ती अंगात घेऊन फिरायची नाही.