रणांगणामागचा समाज

युद्धाचा इतिहास आपल्याकडे बहुधा रणांगणापुरताच सांगितला जातो. कोण जिंकले, कोण पडले, तोफा किती होत्या, सेनापती कोठे चुकला, एवढे झाले की प्रकरण मिटते. लढाई संपल्यावर गावच्या शिवाराचे, धान्याच्या पेवाचे आणि उंबऱ्यात वाट पाहणाऱ्या स्त्रीचे काय झाले, हा प्रश्न सहसा विचारलाच जात नाही. वास्तविक शस्त्रे जशी बदलली, तशी युद्धाची झळ कोणाला लागावी आणि किती काळ लागावी, हेही बदलत गेले. महाराष्ट्राच्या गेल्या साडेतीनशे वर्षांत हा बदल ठळकपणे दिसतो.

सतराव्या शतकात युद्धाला ऋतूचा लगाम होता. पावसाळ्यात फौज छावणीस येई आणि दसऱ्यास बाहेर पडे, असे सभासदाची बखर सांगते. सीमोल्लंघन हा शब्द आज आपट्याच्या पानांपुरता उरला आहे. तेव्हा तो मोहिमेचा मुहूर्त होता. लढणारा हात बराचसा नांगर धरणाराच होता. चिपळूणनजीक छावणीस असलेल्या अंमलदारांना छत्रपती शिवाजी महाराजांनी पाठविलेले पत्र या दृष्टीने मुळातून वाचावे असे आहे. पावसाळ्यासाठी राखलेला दाणा आणि वैरण आताच उधळली तर पुढे घोडी उपाशी मरतील. मग लोक कुणब्यांच्या घरून दाणे, गवत, भाजी उचलू लागतील. आणि त्या गरिबांना यांच्यापेक्षा मोगल बरे वाटू लागतील, असा त्या पत्राचा रोख आहे. एवढेच नव्हे, तर रात्री दिवा जळत ठेवू नये, उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताच्या गंजी पेटतील, इथवर बजावले आहे. ज्याला मोगलांशी झुंजायचे आहे, त्याचे लक्ष उंदराने नेलेल्या वातीकडे आहे! परमुलखातून खंडणी वसूल होत असे, सुरत दोनदा लुटली गेली, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु आपल्या रयतेच्या परड्यातील भाजीची देठेही युद्धाच्या हिशेबात धरावी लागतात, ही जाण त्या काळी विरळाच होती.

अठराव्या शतकात सत्तेचा विस्तार झाला आणि रणांगण घरापासून शेकडो कोस दूर गेले. मार्च १७६० मध्ये दक्षिणेतून निघालेली सदाशिवरावभाऊंची फौज १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर लढली. पावसाळ्यात परत येण्याचा प्रश्नच उरला नव्हता. इतक्या दीर्घ मोहिमेत फौज ही फौज राहत नाही, ते चालते शहर बनते. बाजारबुणगे, कुटुंबकबिला, कुरुक्षेत्राच्या यात्रेची आस धरलेले भाविक असा न लढणाऱ्यांचा प्रचंड समुदाय तिच्यासोबत होता. रसद तुटली तेव्हा लढणारा आणि न लढणारा एकाच उपासाचे धनी झाले.

त्या दिवसाच्या रणनीतीवर मराठीत उदंड लिहिले गेले. त्यामानाने घराघरांत त्यानंतर काय झाले, यावर फार थोडे. पार्वतीबाई रणातून जिवंत परतल्या. पण भाऊसाहेब गेले हे त्यांनी मान्य केले नाही आणि १७८३ मध्ये देह ठेवीपर्यंत त्या सुवासिनी म्हणूनच राहिल्या. पेशव्यांच्या वाड्यात जे घडले, ते किती साध्या घरांत घडले असेल? भाऊसाहेबांच्या तोतयाने १७७६ मध्ये कोकणात बंड माजविले आणि त्याच्यामागे माणसे गेली. इतिहासकार यात राजकारण पाहतात, ते योग्यच आहे. पण पंधरा वर्षांनंतरही कोणी तरी परत येईल, अशी आस समाजाला लागून राहिली होती, हेही त्या बंडामागे असावे.

पानिपतानंतर महादजी शिंदे यांनी द ब्वाञ याच्याकरवी कवायती पलटणी उभारल्या. आता शिपाई बारमाही पगारी झाला, त्यातील पुष्कळसे उत्तरेकडचे, अधिकारी युरोपीय. गाव आणि फौज यांची नाळ सैल झाली. १८०३ मध्ये कंपनीने बोलावताच यातील कित्येक अधिकारी शिंद्यांना सोडून गेले. असईच्या लढाईत त्या तोफखान्याने वेल्स्लीला रक्तबंबाळ केले, तरी पदरी पराभवच आला. पाठोपाठ दख्खनेत मोठा दुष्काळ पडला. त्याला अवर्षण जितके कारण होते, तितकीच आधीच्या वर्षांतील फौजांची आणि पेंढाऱ्यांची धूळधाणही.

पुढे साम्राज्याच्या युद्धांत मराठी शिपाई मेसोपोटेमियाच्या वाळवंटात गेला. साताऱ्याजवळील अपशिंगे या एकाच गावातील ४६ जण पहिल्या महायुद्धात कामी आले. गावाच्या नावाला ‘मिलिटरी’ हा शब्द कायमचा चिकटला. हिंदी सैन्याचे त्या युद्धात सुमारे ७४ हजार मृत्यू झाले. परंतु १९१८ मध्ये युद्धावरून परतणाऱ्या जहाजांबरोबर मुंबई बंदरात इन्फ्लुएन्झा उतरला आणि त्याने देशभरात एक कोटीहून अधिक बळी घेतले. बंदुकीचे तोंडही न पाहिलेली ही माणसे. त्यांचे स्मारक कोणत्याही गावात नाही.

दुसऱ्या महायुद्धाने मराठीला रेशन, ब्लॅकआउट आणि काळा बाजार हे शब्द दिले. १९७१ मध्ये निर्वासितांसाठी प्रत्येक पत्रावर पाच पैशांचे जादा तिकीट लागे. काचांना काळे कागद चिकटविल्याच्या आठवणी त्या पिढीकडे आजही आहेत. भार हलका असेल, पण तो सर्वांच्या वाट्याला आला होता.

कारगिलपासून चित्र पालटले. १९९९ मध्ये युद्ध प्रथमच घरातील पडद्यावर आले आणि त्याच वेळी शवपेट्या थेट गावोगाव पोचू लागल्या. पडदा सर्वांच्या घरी, शवपेटी मात्र मोजक्या गावांत. हे अंतर तेव्हापासून वाढतच आहे. देशप्रेमाची भाषा शहरी मध्यमवर्गात सर्वाधिक चढी असते, भरतीच्या रांगेत मात्र त्या वर्गाची मुले शोधावी लागतात, हे कटू असले तरी बोलले पाहिजे.

आणि आता आघाडी म्हणजे दूर कोठे तरी, हा समजही टिकणारा नाही. मे २०२५ मध्ये ‘ऑपरेशन सिंदूर’च्या वेळी ड्रोन शहरांवर आले, पूंछमध्ये तोफगोळ्यांनी नागरिकांचे प्राण घेतले. ७ मे रोजी देशात निवडक ठिकाणी नागरी संरक्षणाचा सराव झाला, भोंगे वाजले. त्यानंतर किती गृहनिर्माण संस्थांनी बैठक घेतली? वीज गेल्यावर चौथ्या मजल्यावरील आजोबांना खाली कोणी आणायचे, पाणी किती दिवसांचे साठवायचे, प्रथमोपचार कोणाला येतो, तालुक्यातील वीरपत्नीचे निवृत्तिवेतन वेळेवर मिळते की नाही हे कोणी पाहायचे, याची नोंदवही किती ठिकाणी आहे? शाखा, गणेशोत्सव मंडळे आणि महिला मंडळे यांनी मनावर घेतले, तर प्रत्येक वस्तीत अशी वही येत्या दसऱ्याच्या आत तयार होऊ शकते.