स्मार्ट बोर्डावर आपल्या आज्या कधी दिसणार?

आपल्या माणदेशातल्या बऱ्याच शाळांत आता स्मार्ट बोर्ड लागलेत. कुठं ग्रामपंचायतीनं घेऊन दिले, कुठं परराज्यात गलाईचा धंदा करणाऱ्या गावच्या पोरांनी वर्गणी काढली. चांगली गोष्ट आहे, तक्रार अजिबात नाही. माझा प्रश्न एवढाच आहे, त्या बोर्डावर आपण दाखवतो काय?

3 जानेवारीला सावित्रीबाईंचा व्हिडिओ. 12 तारखेला जिजाऊंचा. 8 मार्चला 'थोर स्त्रिया' नावाचा एक दहा मिनिटांचा व्हिडिओ, पाठीमागं बासरी. दोन-तीन मुलींना नऊवारी नेसवायची, मोठं कुंकू लावायचं, फोटो काढायचा, स्टेटसला टाकायचा. झाला स्त्रियांचा इतिहास! बातमी करायला मीच जातो, त्यामुळं हे पाठ झालंय. एखाद्या मुलीला विचारलं, बाळ, सावित्रीबाईंच्या शाळेतल्या मुलींपैकी एकीचं तरी नाव सांग. ती सरांकडं बघते. सर आपल्याकडं बघतात.

तर एक नाव सांगतो. मुक्ता साळवे. फुल्यांच्या शाळेत शिकणारी, जेमतेम 14 वर्षांची मातंग समाजातली मुलगी. 1855 साली तिनं मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. आपल्या नववीच्या पोरीएवढी पोरगी धर्माला आणि पेशवाईला उघड प्रश्न विचारते, तेही 170 वर्षांपूर्वी! हा निबंध आज इंटरनेटवर सापडतो. बोर्डावर मोठ्या अक्षरात लावा आणि वर्गातल्या मुलीला तो मोठ्यानं वाचायला सांगा. एक तास पुरे. बासरी नको, ॲनिमेशन नको.

पण होतंय उलटंच. निबंध कोणी वाचत नाही आणि मुक्ताचा 'फोटो' मात्र फिरतो. हल्ली मोबाईलवर एआयला सांगितलं की दोन मिनिटांत चेहरा तयार होतो, गोरीपान, नाकीडोळी नीटस. शाळेच्या भिंतीवर तो फ्लेक्स लागतो आणि पोरं तेच खरं धरून चालतात. माणूस दिसायचा बंद झाला की त्याला मेकअप करून उभा करायचा, हा कसला इतिहास?

फातिमा शेख यांच्या बाबतीत काय झालं आठवा. जानेवारी 2025 मध्ये सोशल मीडियावर जुंपली होती, ही बाई होती की नव्हती म्हणून. एक बाजू म्हणाली काल्पनिक, दुसरी बाजू रंगीत चित्रं टाकत राहिली. सावित्रीबाईंनी 10 ऑक्टोबर 1856 ला, आजारपणात माहेरी असताना, जोतीरावांना जे पत्र लिहिलं त्यात फातिमाचं नाव आहे. आपण इकडं शाळेचा भार तिच्यावर टाकून आलोय, तिला त्रास होत असेल, असा त्याचा आशय. भांडणाऱ्या किती जणांनी ते पत्र वाचलं होतं? मला वाटतं मुलांना हीच गोष्ट शिकवायला पाहिजे. कागद कुठला, लिहिला कोणी, कधी. बोर्डावर चित्राच्या शेजारी पत्र लावा आणि विचारा, यातला पुरावा कुठला? सातवीचं पोरगंसुद्धा बरोबर बोट दाखवेल.

आता आपल्या भागाकडं या. माझं खरं म्हणणं इथं आहे.

बहात्तरचा दुष्काळ. आपल्याकडच्या प्रत्येक घरात त्याची एक तरी गोष्ट आहे. आज दिसणारे कितीतरी पाझर तलाव, नालाबंडिंग, रस्ते त्या वेळच्या कामांवर झाले. रोजगार हमीचं बोलताना वि. स. पागे यांचं नाव निघतं आणि निघायलाच पाहिजे. तासगाव तालुक्यातल्या विसापूरच्या या माणसानं ती कल्पना मांडली, पुढं 1977 मध्ये राज्यानं कायदा केला आणि 2005 मध्ये देशानं रोजगार हमीचा कायदा केला तेव्हा आपल्याच कायद्याचा अनुभव समोर होता. पण त्या कामांवर खडी फोडली कोणी? पाट्या उचलल्या कोणी? बायका हजारोंनी होत्या. मस्टरवर अंगठा उठला आणि नाव तिथंच राहिलं. ना पुस्तकात, ना तलावाच्या पाटीवर. पाटीवर उद्घाटकाचं नाव आहे.

त्या वेळी विशीत असलेली बाई आज पंचाहत्तरीच्या आसपास आहे. हिशेब तुम्हीच करा, अजून किती वर्षं.

दोन-तीन वर्षांपूर्वी एका वाडीवर मी अशाच एका आजींशी बोलत बसलो होतो, विषय पाण्याच्या टँकरचा होता. बोलता बोलता बहात्तर निघालं. मिलोची लाल भाकरी घशाखाली उतरायची नाही. सुकडी मिळायची ती लेकरांसाठी पदरात बांधून आणायची. तान्हं पोरगं बाभळीखाली झोळीत टाकून खडी फोडायची, आणि मुकादम मोजमापात कसा मारायचा, तर फुटाच्या खोक्यात दाबून दाबून खडी भरायला लावायचा. मी वीस वर्षं या भागात बातमीदारी करतोय, दुष्काळावर पानंच्या पानं लिहिलीत, पण खोक्याची गोष्ट मला कुठल्या अहवालात मिळाली नव्हती. त्यांची नात शेजारी मोबाईलवर रील बघत बसली होती. आजीनं खडी फोडलेली तिला माहीतच नव्हतं. सांगणार कोण? कुणी विचारल्याशिवाय बाई स्वतःचं सांगत नाही, आपल्याकडं तशी रीतच नाही.

त्या पोरीच्या हातातला मोबाईलच खरं तर रेकॉर्डर आहे. मुद्दा एवढाच आहे.

असं कुठं होतं का, म्हणाल. होतं, आणि शेजारीच झालंय. विट्याच्या हौसाताई पाटील, क्रांतिसिंह नाना पाटलांच्या कन्या. प्रतिसरकारच्या काळात भवानीनगरच्या पोलिस ठाण्यासमोर त्यांनी नवरा-बायकोच्या भांडणाचं नाटक केलं. नाटकातला नवरा खरोखर मारत होता. पोलिस भांडण सोडवायला बाहेर आले आणि साथीदारांनी आतल्या बंदुका पळवल्या. त्यांनी नव्वदी ओलांडल्यावर 'पारी' या ऑनलाइन संग्रहाच्या पत्रकारांनी त्यांना कॅमेऱ्यासमोर बोलतं केलं. 2021 च्या सप्टेंबरात हौसाताई गेल्या. पण त्यांच्याच आवाजात, आपल्याच बोलीत, ती गोष्ट आज कुठल्याही पोराला मोबाईलवर बघता येते. किती शाळांनी दाखवली? विचारून बघा.

त्याच 'पारी'वर जात्यावरच्या ओव्या आहेत. हेमा राईरकर आणि गी पॉयत्व्हँ यांनी 1980 च्या दशकापासून गावोगाव फिरून हे काम उभं केलं. हजाराहून जास्त गावं, एक लाखाहून जास्त ओव्या! गायलेल्या बायका बहुतेक शेतमजूर, कधी शाळेत न गेलेल्या. गावात पिठाची गिरणी आली, जातं कोपऱ्यात गेलं आणि ओव्या थांबल्या. ज्या लिहून घेतल्या, टेप केल्या, तेवढ्याच राहिल्या. सासुरवास, भाऊ, देव, पंढरीची वाट, आणि बाबासाहेबसुद्धा आहेत त्या ओव्यांत. इतिहासाच्या तासाला याहून चांगला माल कुठला?

आणि ऊर्मिला पवार, मीनाक्षी मून यांचं 'आम्हीही इतिहास घडवला'. आंबेडकरी चळवळीतल्या बायकांना शोधून, घरोघरी जाऊन मुलाखती घेतल्या आणि 1989 मध्ये पुस्तक आलं. तेव्हा मोबाईल नव्हते. चिकाटी होती.

करायचं काय, तर फार नाही. नववीच्या वर्गाला दोन महिन्यांचा उपक्रम द्या. प्रत्येकानं घरातल्या किंवा गल्लीतल्या एका वयस्कर बाईची वीस मिनिटांची मुलाखत घ्यायची. "दुष्काळ कसा होता?" असं विचारू नका, "लई वाईट होता" एवढंच उत्तर येतं. विचारा, कामावर चालत किती लांब जायचात, पगार हातात कोणाच्या पडायचा, लेकरू कुठं ठेवायचात, कोणत्या विहिरीवर पाणी भरू द्यायचे आणि कोणत्या नाही. हा शेवटचा प्रश्न टाळू नका. रेकॉर्डिंगच्या वेळी पंखा बंद, टीव्ही बंद. सुरुवातीलाच बाईचं पूर्ण नाव आणि माहेरचं नाव बोलून घ्यायचं, कारण लग्नात नाव बदललं की जुन्या कागदांत ती बाई सापडत नाही. सालं आठवत नसतील तर थोरल्या पोराच्या जन्मावरून, गावात वीज आली त्यावरून हिशेब लावायचा. नंतर मोबाईलवर बोलून टाईप करायची सोय आहे, मराठीत बऱ्यापैकी चालते. मात्र आपल्या बोलीचे शब्द ती चुकवते, ते पोरांनी हातानं दुरुस्त करायचे. शब्द सुधारून पुस्तकी करायचे नाहीत!

एक गोष्ट मात्र नीट सांभाळायची. बाया मोकळ्या झाल्या की मार खाल्लेलं सांगतात, नवऱ्यानं टाकलेलं सांगतात. ते स्टेटसला जाता कामा नये. आधी विचारायचं, ऐकवू का, नाव लावू का. नको म्हणाली तर विषय संपला. सूनबाई शेजारी बसली असेल तर काही प्रश्न दुसऱ्या दिवशी विचारायचे, एवढं पोरींना शिकवावं लागत नाही, त्यांना कळतं.

शिक्षक म्हणतील, आधीच ऑनलाइन माहित्या भरून जीव गेलाय, त्यात हे आणखी. बरोबर आहे त्यांचं. म्हणून याचा अहवाल वर पाठवायचा नाही, फोटो मागायचे नाहीत, नंबर काढायचे नाहीत. तसं झालं की तिसऱ्या आठवड्यात पोरं एकमेकांच्या मुलाखती कॉपी करतील. आणि सगळ्या पोरींच्या हातात घरचा मोबाईल येत नाही, भावाच्या हातात येतो. त्यांच्यासाठी शाळेचा एक जुना फोन लागेल. तो गावात कुणाच्या तरी कपाटात पडलेला असतोच, मागा की.

ज्या शाळेला सुरुवात करायची असेल त्यांनी मला मेसेज करा. माझा रेकॉर्डर देतो, आणि शनिवारी सकाळच्या शाळेत येऊन मुलाखत कशी घ्यायची तेही दाखवतो. वाडीवरच्या त्या आजींचा नंबर मात्र मागू नका. त्यांच्या नातीला मी निरोप दिलाय, पहिली मुलाखत ती घेणार आहे.