पोरांना हाक मारणारं कुणी हवं

मैत्रिणींनो, हल्ली समाजसेवेचे फोटो फार येतात. एक वही, ती देणारे सात हात आणि मागे बॅनर. अशा वेळी मला आपल्या विदर्भातल्या श्री गुरुदेव सेवा मंडळाची आठवण होते. गावात दिवेलागणीला सतरंजी अंथरली जाते, सामुदायिक प्रार्थना होते, खंजिरीवर एखादं भजन होतं. शेतमजूर आणि मास्तर एकाच सतरंजीवर बसतात, एकमेकांना 'जय गुरू' म्हणतात. सकाळी त्यातलेच काही जण हातात खराटे घेऊन रस्ता झाडतात.

राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९३५ साली मोझरीला गुरुकुंज आश्रम उभारला, तिथून हे काम गावोगावी गेलं. १९४२ मध्ये महाराजांना तुरुंगवास झाला. चिमूर-आष्टीच्या तरुणांना त्यांच्या भजनांनी स्फुरण दिलं होतं, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. १९५५ च्या ग्रामगीतेत ग्रामशुद्धी आहे, ग्रामआरोग्य आहे, जीवनशिक्षण आहे आणि महिलोन्नतीचाही वेगळा अध्याय आहे. २००५ साली नागपूर विद्यापीठाला महाराजांचं नाव मिळालं. आपली मुलं त्याच विद्यापीठाची डिग्री घेतात अन् पानठेल्यावर उभी राहतात. माझं दुखणं नेमकं इथे आहे.

आमच्या कळमेश्वरात एमआयडीसी आहे, संत्र्याच्या बागा आहेत, नागपूर हाकेच्या अंतरावर. तरी बी.ए., बी.कॉम. झालेली पोरं संध्याकाळी काय करतात ते बघा. कंपनीत कंत्राटी काम, तेही आज आहे तर उद्या नाही. घरी बाप विचारतो, "काय झालं रे नोकरीचं?" मग घरी बसवत नाही. ठेल्यावर मात्र कुणी काही विचारत नाही. तिथे सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घोटून खर्रा तयार होतो आणि चार मित्रांत वाटला जातो. राज्यात २०१२ ला गुटखाबंदी आली. शाळेच्या शंभर यार्डांत तंबाखू विकू नये, हा कायदा तर २००३ चा. खर्र्याची पन्नी मात्र शाळेच्या भिंतीलगतच पडलेली असते. आणि आपण आया काय करतो? पँट धुताना खिशात पन्नी सापडली की गुपचूप चुलीत टाकतो. बापाला कळलं तर मारेल म्हणून. तोंड पुरतं उघडेनासं झालं की मग नागपूरला कॅन्सरच्या दवाखान्यात धावतो.

मंडळाने व्यसनमुक्ती सांगितली नाही असं नाही. महाराजांनी तर आयुष्यभर तेच सांगितलं. सुट्टीतल्या सुसंस्कार शिबिरांत मुलं पहाटे उठतात, व्यायाम-योगासनं करतात, आपलं ताट आपण धुतात. आठ दिवसांनी घरी आलेलं पोरगं स्वतःचं अंथरूण घडी करतं तेव्हा आईला कोण आनंद! पण ही मुलं दहा-बारा वर्षांची. सतरा-अठराच्या पुढच्या पोराला सतरंजीवर बोलावणारं कुणी दिसत नाही. प्रार्थनेत बहुतेक डोकी पांढरी. तरुण येत नाहीत, अशी ज्येष्ठांची तक्रार असते. अहो, पण त्यांनी यावं असं तिथे त्यांच्यासाठी काय आहे? भजनाने मन शांत होतं, कबूल. पोलिस भरतीचा फॉर्म मात्र भजनाने भरला जात नाही. त्याला सांगणारा माणूस लागतो, अभ्यासाला उजेड लागतो. दोन खोल्यांच्या घरात टीव्ही चालू असताना कुठे वाचणार तो?

आणि मुली? इथे मी मंडळाला नाही, आपल्यालाच बोलणार आहे. भाऊ शिबिराला जातो आणि बहीण घरी पोळ्या लाटते. का? "पोरीची जात, आठ दिवस बाहेर कशी ठेवायची?" अगं, महाराजांनी महिलोन्नती लिहून इतकी वर्षं झाली! पुण्यतिथीच्या गोपालकाल्याला पहाटेपासून राबणाऱ्या आपणच. भाजी चिरायला चालतो, मग पोरांचं काय करायचं हे ठरवायच्या बैठकीत का नको? कुणी बोलावेल म्हणून थांबू नका, जाऊन बसा.

माझं मागणं मोठं नाही. गावात मंडळाची खोली किंवा प्रार्थनेची जागा असते, ती प्रार्थनेनंतर कुलूप न लावता रात्री दहापर्यंत उघडी ठेवावी. एक ट्यूबलाइट, वर्तमानपत्र, भरतीची पुस्तकं आणि आठवड्यातून एकदा एखादा निवृत्त शिक्षक, एवढं पुरे. मुलींसाठी वेळ थोडी अलीकडची ठेवू, सोबतीला आम्ही बायका आळीपाळीने बसू. खर्र्याचं त्या पोरांशी बोलायला व्याख्याते आणू नका. ज्याने सोडला, अशा पंचविशीतल्या पोरालाच बोलू द्या. खुर्च्यांची अडचण असेल तर आमच्या बचत गटाकडे वीस आहेत. लग्नसराईत भाड्याने जातात, एरवी पडूनच असतात.