चादर आपली, गल्ला दुसऱ्याचा. आता पाळी टसरची?

सोलापुरी चादरीचं काय झालं, हे आपल्याला कुणी सांगायला नको. जीआय मानांकन आहे, तरी परगावचा माल 'सोलापुरी' म्हणून राजरोस खपतो. म्हणूनच आज गडचिरोली-भंडाऱ्याच्या एका किड्याबद्दल लिहितोय.

आपल्याकडचा रेशीमकिडा तुतीचा पाला खातो, शेडमध्ये वाढतो. टसरचा किडा जंगलातला, ऐनाच्या नि अर्जुनाच्या झाडावरचा. आरमोरीकडची ढिवर समाजाची माणसं अळ्या झाडांवर सोडतात आणि कोष होईपर्यंत पाखरं, मुंग्यांपासून त्यांची राखण करतात. करवतकाठी साडी याच धाग्याची.

या धाग्याच्या प्रथिनात पेशींना धरून ठेवणारा एक तुकडा आहे, तुतीच्या रेशमात तो नाही. त्यामुळे शरीराच्या ऊती वाढवायला टसर कामी येईल का, यावर आयआयटी खरगपूरमध्ये बरंच संशोधन झालंय. तुतीच्या किड्याचा जीनोम २००४ मध्येच जाहीर झाला. टसरचा जपानी भाऊबंद 'यामामाई', त्याचा २०१८ मध्ये कोरियात वाचून झाला.

वाचा की, जरूर वाचा. विज्ञानाला विरोध करणारा मी कोण? पण जीनोम म्हणजे शेवटी संगणकातली अक्षरं. जंगलातून कोष न्यायचा तर परदेशी कंपनीला जैवविविधता कायद्याखाली परवानगी लागते. तीच अक्षरं परदेशात बसून उतरवून घेतली, तर पकडणार कुणाला?

यावर जगानं उपाय काढला तो 'काली निधी'. फेब्रुवारी २०२५ मध्ये तो सुरू झाला. अशा माहितीवर कमावणाऱ्या कंपन्यांनी नफ्याचा १ टक्का किंवा उलाढालीचा ०.१ टक्का द्यावा, त्यातला निम्मा तरी आदिवासी आणि स्थानिक समाजांना जावा, असं ठरलंय. पण द्यायचं ते स्वखुशीनं! आपल्या बाजारात स्वखुशीनं कोण किती देतं, माहितीये ना?

आणि 'जीनोम साठवला म्हणजे वाण जपला' असं म्हणणाऱ्यांना हात जोडतो. टसरचा 'भंडारा' नावाचाच एक स्थानिक वाण आहे. तो झाडावर जगतो, हार्डडिस्कवर नाही. झाड तुटलं, राखण करणारा मजुरीला शहरात गेला, की संपलं.

कायद्यानं प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता समिती आणि नोंदवही हवी. त्या नोंदवहीत किडा असेलही. त्याला राखणारा आहे का? विदर्भातल्या मित्रांनी आपापल्या गावात बघून कळवा. सोलापूर महापालिकेच्या समितीत कोण आहे आणि शेवटची बैठक कधी झाली, हे मी माहिती अधिकारात विचारतोय. उत्तर आलं की इथेच टाकतो.